जेवणावरची पांढरी गोळी

दुपारी जेवण झालं की हल्ली मला गुंगी येते. निवृत्त माणसाची झोप ती, धड झोप नव्हे आणि धड जागही नव्हे. त्या गुंगीत मला एक तलाव दिसतो. पाणी हिरवट, काठाला मोहाची झाडं, खाली फुलांचा सडा आणि त्याचा तो गोड, डोकं जड करणारा वास. लांब पाण्यात कुणीतरी डोंगा वल्हवत असतं आणि वल्ह्याचा आवाज मात्र येत नाही. मी काठावर गाडी लावून उभी असते, खांद्याला पिशवी, पिशवीत रक्तदाबाचं यंत्र. आमचे हे म्हणतात, झोपेत तू हवा भरायचा फुगा दाबत असतेस. दाबत असेन. जन्मभर दुसरं केलं काय?

मी उपकेंद्रात नर्स होते. सरकारी कागदावर पदाचं नाव लांबलचक, गावात मात्र सगळ्यांची 'सिस्टरबाई'. माहेर राजुऱ्याचं, वडील कोळसा खाणीत. त्यामुळे लहानपणी मी जग काळंच पाहिलं, वाळत घातलेले कपडेसुद्धा. नोकरीत मात्र पांढऱ्याशी गाठ पडली. पांढरी साडी, पांढरा कापूस आणि सगळ्यांत जास्त जिनं छळलं ती पांढरी गोळी. कॅल्शियमची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, गोळी वाटायला काय लागतं? हातावर ठेवायची की झालं. गोळी हातावर ठेवणं हे काम नव्हेच मुळी. ती गिळली जाणं हे काम, आणि ते आमच्या डोळ्यांआड होतं.

मी गरोदर बायांना विचारायचे, पोटातल्या लेकराची हाडं येतात कुठून? कुणी म्हणे देवाकडून, कुणी म्हणे नवऱ्याकडून, आणि मग सगळ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. मी सांगायचे, हाडं तुमच्या ताटातून येतात. ताटात नसलं तर लेकरू काही वाट पाहत बसत नाही, ते तुमच्या हाडांतून काढून घेतं. दुसरीही एक गोष्ट सांगायचे, जरा हळू आवाजात. जिच्या खाण्यात कॅल्शियम कमी, तिचा रक्तदाब गरोदरपणात चढायची भीती जास्त. तो फार चढला तर झटके येतात, आणि झटक्यात आई नाही तर बाळ, कधी दोघंही हातची जातात. म्हणून चौथ्या महिन्यापासून दोन्ही जेवणांवर एकेक पांढरी गोळी. रक्तवाढीची लाल गोळी तिच्यापासून दोन-तीन तास लांब, कारण दोघींचं पोटात पटत नाही. हे सासूसुनेचं उदाहरण दिलं की एकीलाही परत सांगावं लागत नसे.

तऱ्हा तरी किती! एक बाई तोंडात खर्ऱ्याचा तोबरा धरून आली. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आमच्याकडे बायाही खातात. मी गोळ्या पुढे केल्या तर म्हणाली, "चुना तं मी रोजच खातो व सिस्टरबाई. कॅलशम म्हंजे चुनाच ना?" (आमच्याकडच्या बाया स्वतःबद्दल 'खातो', 'जातो' असंच बोलतात.) पंचाईत अशी की ती अगदीच चूक नव्हती. तंबाखूनं लेकरू वाळतं आणि त्या चुन्यानं गाल सोलतात, हे तिला समजावता समजावता माझा चहा गार झाला. दुसऱ्या एका भाऊंनी बायकोच्या गोळ्या कुटून कोंबडीला घातल्या, अंड्याचं कवच जाड होतं म्हणून. मी रागानं विचारलं, "झालं का जाड?" तर भला माणूस खुशीत म्हणाला, "झालं ना जी!" मला हसू आवरेना. शेवटी त्यांना म्हटलं, कोंबडीचं भलं झालं भाऊ, आता निदान अंडी तरी बायकोच्या ताटात पडू द्या.

आधी काही वर्षं मी मुलचेऱ्याकडे होते. तिथल्या बंगाली निर्वासितांच्या वस्तीत मला या बाबतीत कधी डोकेफोड करावी लागली नाही. सासू सुनेपुढे बारीक मासोळी काट्यासकट तळून ठेवायची आणि ती पोरगी कुरकुर आवाज करत सगळी चावून खायची. मी भिंतीला टेकून तो आवाज ऐकत बसायचे. हाडांना हाडं मिळताहेत, असं मनात यायचं.

मग बदली झाली ती या तलावाच्या गावात. इथे ढिवरांची घरं, तलावात जाळी टाकणारी, उरलेल्या दिवसांत धानाच्या बांधीत रोजीला जाणारी. अंगणात दोऱ्यांवर जाळी वाळत, खाटेवर मासोळी वाळत. मला वाटलं, चला, इथेही आराम आहे. पण इथली रीत उलटी निघाली. पोटुशी बाईनं काट्याची मासोळी खायची नाही. काटा गर्भाला टोचतो. घरात सगळे बारीक मासोळी भातात कालवून खात आणि जिला तिची सगळ्यांत जास्त गरज, ती कोपऱ्यात बसून भाताची पेज पीत असे. दूध म्हणाल तर गाई होत्या, पण त्या वासरापुरत्या.

या गावात वनिता होती. मूल गावाकडची पोरगी, सावळी, बोलताना मान एका बाजूला कलती करण्याची सवय. आणि होत्या तिच्या सासू, पार्बताबाई. पार्बताबाई गावच्या सुईण. दवाखान्यातच बाळंतपण करायचं असं ठरल्यावर त्यांनी कुरकुर न करता हात आवरते घेतले, पण कुठल्याही बाईचं पोट नुसतं पाहून महिना सांगायच्या. माझ्यावर त्यांचा जीव होता. वनिताला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी गोळ्या दिल्या आणि पार्बताबाईंनी त्या घरी कडक लागू केल्या. "सिस्टरबाईनं देल्ली हाय, खा मुकाट्यानं," असं त्या अंगणातून ओरडताना मी रस्त्यावरून ऐकलं आहे.

आठव्या महिन्यात वनिता माहेरी जाऊन आली ती सुजूनच. आल्याच्या दुसऱ्या सकाळी डोकं धरून बसली, डोळ्यांपुढे काजवे, आणि मग झटके. मी तेव्हा जंगलातल्या टोल्यावर म्हणजे पाड्यावर लसीकरणाला गेलेली. जीपमध्ये घालून नेताना वाटेतच ती मोकळी झाली, सासूच्या हातावर. मुलगा होता. रडला नाही. वनिता बऱ्याच दिवसांनी दवाखान्यातून परतली, अंगात काही न उरल्यासारखी.

मी भेटायला गेले तर पार्बताबाई दारातच उभ्या. त्या म्हणाल्या, "माह्या नातवाले तुमच्या गोळ्याईनं लिंपून टाकलं व बाई. पांढराफेक होता. भिताडाले चुना लावते तसा."

मी समजावायचा प्रयत्न केला. जन्मताना लेकराच्या अंगावर पांढरा चिकट थर असतो, त्याचा गोळीशी संबंध नाही, हे सांगितलं. पण त्यांनी तो थर स्वतःच्या पदरानं पुसला होता. मी तर तिथे नव्हतेच. हातात मेलेलं लेकरू धरलेल्या बाईला काय पटवणार? त्यानंतर त्या मला चहा द्यायच्या, बसायला पाट द्यायच्या, पण नजर द्यायच्या नाहीत.

पुढच्या एका हिवाळ्याच्या तोंडाला वनिता पुन्हा गरोदर राहिली. पार्बताबाईंनी मला आधीच सांगून टाकलं, "या सिस्टरबाई, बसा, यंत्र लावा, सुई टोचा. पन थे पांढरी गोळी पिशवीतून काढू नोका."

मला रात्रंदिवस त्या पोरीची काळजी. एकदा झटके आलेली बाई, पुन्हा तेच घर, तीच पेज. मग मी ताटाच्या बाजूनं शिरायचं ठरवलं. तीळ-जवसाची चटणी, मुंगन्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, तरोट्याची भाजी, याला पार्बताबाईंची हरकत नव्हती. मासोळीचं काय करायचं? एके दिवशी मी त्यांच्याच खाटेवरची वाळकी बारीक मासोळी तव्यावर भाजली आणि पाट्यावर घेऊन पीठ होईपर्यंत वाटली. पीठ त्यांच्या तळहातावर ठेवलं. "पाहा बरं, काटा लागते का?"

त्यांनी अंगठ्यानं चोळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "काटा नाई तं टोचन काय?" त्या म्हणाल्या आणि ते पीठ वनिताच्या भाजीत पडू लागलं. मी मनातून नाचले. पण चिमूटभर पिठानं किती भागणार? वनिताच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, पहाटे पाय आखडून ती उठून बसायची. रक्तदाब अजून बरा होता, पण वरच्या बाजूला सरकायची चिन्हं होती. मला गोळी हवी होती.

एका सकाळी ती मला तलावाच्या काठी भेटली, धुणं धूत होती. पाण्यावर धुकं इतकं दाट की पलीकडचं गाव नसल्यासारखंच. बगळे जागच्या जागी उभे. मी पायऱ्यांवर बसले. ती कपडा आपटायची थांबली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "बाई, एक सांगू? कोनाले सांगसान नाई ना?"

"सांग."

"मांगच्या वेळी मी गोळ्या खाल्ल्याच नाई. एकबी."

तिनं सांगितलं, शेजारणी म्हणाल्या होत्या की या गोळ्यांनी लेकराचं डोकं मोठं होतं, हाडं टणक होतात, मग अडतं आणि पोट चिरावं लागतं. चिरण्याची तिला फार भीती. सासू पाहत असली की गोळी गालात धरायची आणि धुण्याला आली की पाण्यात सोडायची. "पाण्यात पांढरी-पांढरी खाली जाय, बाई. बारक्या मासोळ्या यायच्या पाहाले. मले पाहातच राहावं वाटे." हे सांगताना ती क्षणभर कुठेतरी हरवली. मलाही ते दिसलं, हिरव्या पाण्यात हळूहळू खाली जाणारी गोळी आणि भोवती जमलेल्या मासोळ्या. मग तिचा चेहरा पिळवटला. "मी खाल्ल्या असत्या तं वाचला असता का जी तो?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "मले नाई मालूम, वनिता. गोळी खाल्ली तं खतरा कमी होते. पन नक्की वाचला असता, असं कोनीच नाई सांगू शकत."

ती रडली. मी रडू दिलं. मग म्हटलं, "आत्याबाईले सांग हे. थ्या गोळीलेच वैरी समजून बसल्या हायत."

"नाई सांगू शकत. थ्यायले काय वाटन? दिवसभर माह्या मांगं लागत होत्या, खा म्हनून."

"मंग आता माह्याकडून घे अन् खा. त्यायले कायले सांगाचं?"

तिनं मान कलती केली. "चोरून एकदा केलं, बाई. आता चोरून काईच नाई करत."

पार्बताबाईंना सांगणं मला सहज जमलं असतं, पण ती गोष्ट तिची होती. तिनं माझ्याजवळ विश्वासानं ठेवलेली. पुढचे कितीतरी दिवस मी त्या घराजवळून जाताना गाडी हळू करायचे आणि काही कानावर येतं का ते ऐकायचे.

मग ती दुपार आली. मी यंत्र लावायला गेले होते. अंगणात मोहाची फुलं वाळत होती, आभाळ आल्यानं ऊन मवाळ होतं, पार्बताबाई फाटलेलं जाळं शिवत बसल्या होत्या. मी फुगा दाबला, कानातली नळी लावली, आणि ऐकता ऐकता मला आकडा आवडला नाही. अजून धोक्याचा नव्हता, पण मागच्या भेटीपेक्षा चढलेला. माझ्या तोंडावर ते उमटलं असणार. वनितानं माझ्याकडे पाहिलं, पोटावर हात ठेवला आणि सासूकडे वळली.

"आत्याबाई, मांगच्या वेळच्या गोळ्या मी खाल्ल्या नवत्या. तळ्यात टाकल्या. समद्या."

पार्बताबाईंची सुई जाळ्यात अडकून राहिली. कोंबड्या फुलं टिपत होत्या, त्यांना हाकलायचंही कुणाला भान नव्हतं.

मग पार्बताबाईंनी सुनेला नाही, मला विचारलं, "मंग थे पांढरं कायचं होतं?"

मी म्हटलं, "पार्बताबाई, तुमच्या हातावर गावातली निम्मी लेकरं आली. गोळ्या नवत्या तवाबी थे पांढरं राहे का नाई?"

त्या आठवू लागल्या. डोळे अर्धे मिटलेले, बोटं हवेत हलत होती, जणू एकेक लेकरू पुन्हा हातात घेऊन पाहत होत्या. "राहे," त्या पुटपुटल्या. "पुऱ्या दिवसाच्यावर जरासक, काखेत, जांघेत. आठव्यातल्यावर लय राह्यते. हाव. पाह्यलं हाय मी. माहीत होतं मले." आणि मग एकदम, "माहीत होतं व मले!"

त्या उठल्या. मला वाटलं आता सुनेवर हात टाकतात. पण आत गेल्या आणि पाण्याचा लोटा घेऊन आल्या. तो वनितापुढे ठेवला आणि माझ्याकडे हात पसरला. "द्या."

वनिता नुकतीच जेवली होती. तिनं गोळी आमच्या दोघींसमोर गिळली आणि तोंड उघडून दाखवलं. पार्बताबाईंनी पाहिलंही नाही. त्या पुन्हा जाळं शिवायला बसल्या.

माझी लढाई इथे संपली असं मला वाटलं होतं. पण त्या दिवसापासून पार्बताबाई सुनेशी बोलायच्या बंद झाल्या. एक शब्द नाही. दोन्ही जेवणांवर लोटा आणि गोळी तिच्यापुढे यायची, भाजीत मासोळीचं पीठ असायचं, पाय आखडले की तेलाची वाटीही यायची. बोलणं मात्र नाही. वनिता म्हणायची, "मारल्या असत्या तं बरं वाटलं असतं, बाई." मीही धास्तावले. गोळी मिळवली आणि घर मोडलं, असं तर झालं नाही ना?

एकदा पार्बताबाईंना बांधावर एकटं गाठलं आणि विचारलंच. त्यांनी डोक्यावरचा भारा खाली ठेवला. "मी रोज सोताले खात होतो व सिस्टरबाई. वाटे, मीच गोळ्या चारल्या, मीच मारला. तुमाले बोललो, पन आतून सोतालेच बोलत होतो. अन् हे पोरगी पाहात होती. गप्प." डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "आता तोंड उघडलं तं काय निंगन, माहीत नाई. म्हनून उघडत नाई." मी त्यांचा भारा उचलून पुन्हा डोक्यावर दिला.

ते महिने मला अजून तरंगत असल्यासारखे आठवतात. धान हिरवं झालं, पोटऱ्यात आलं. तलाव काठोकाठ भरला. मी दर आठवड्याला जायचे, फुगा दाबायचे आणि श्वास रोखून ऐकायचे. आकडा थोडा वर जायचा, पुन्हा खाली यायचा, आणि मग तिथेच राहिला. आठवा महिना कधी सरतो असं झालं होतं. सरला. पुऱ्या दिवसांनी, भरदिवसा, दवाखान्यात, कुठेही न चिरता वनिताला मुलगी झाली. तिनं पहिलाच टाहो असा फोडला की बाहेर बाकावर बसलेल्या पार्बताबाई ताडकन उठल्या, असं मला तिथल्या नर्सनं सांगितलं. पण आत येऊन त्यांनी नात पाहिली आणि सुनेशी काही न बोलताच परत बाहेर जाऊन बसल्या, असंही तिनंच सांगितलं.

वनिता घरी आल्यावर मी गेले. सकाळची वेळ, अंगणात कोवळं ऊन. पार्बताबाई पाय लांब करून बसलेल्या, पायांवर उघडी नात, बाजूला कोमट तेलाची वाटी. वनिता दारात खाटेवर, डोक्याला फडकं बांधून, त्या दोघींकडे बघत होती. मी जोत्यावर टेकले.

पार्बताबाईंचे अंगठे तेलात बुडले आणि लेकराच्या खांद्यापासून खाली निघाले. खांदा, कोपर, मनगट. मग बरगड्या, एकेक करून, जणू वाचत होत्या. पाठीचा कणा वरून खालपर्यंत. मांडी, गुडघा, घोटा, पायाची बोटं. मुलगी रडली नाही. पाय झाडून त्या अंगठ्यांना धक्के देत राहिली, आणि पार्बताबाईंचा हात थांबला. त्यांनी तो चिमुकला पाय मुठीत धरला, दाबून पाहिला, पुन्हा धरला.

मग मान न वळवता, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्या सुनेशी बोलल्या.

"पोरी, हाडं चांगली देल्ली व तुनं इले."